शक्तीची गोळी तेवढी

"तुमचा बोन मॅरो म्हातारा झालाय," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडं बघत नव्हते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली गणपतीचा एक फोटो होता, त्याच्याकडं बघत होते. फोटो ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीच्या मागं उभी राहून मी तो पाहिला होता. तेव्हा खुर्चीत माझ्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांनाही हेच वाक्य सांगितलं होतं. शब्दसुद्धा तेच.

विमलताई त्यानंतर जेमतेम वर्षभर जगल्या.

मी सुनंदा. पुणतांब्याला राहते. आमचं दूध संकलन केंद्र आहे, ते मी चालवते. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, मी दूध मशीनला लावते, फॅट वाचून दाखवते आणि फॅट कमी लागली की बोलणी खाते. त्यामुळं रिपोर्ट, आकडे, मशीन यांची मला भीती नाही. तोंडानंही मी जरा फटकळ आहे. पण त्या दिवशी माझी बोलती बंद झाली. आमच्या यांनीच डॉक्टरांना विचारलं, "आता?"

आता काय ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

बोन मॅरो म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज. मटणातल्या नळीत जो ऐवज असतो, तोच आपल्याही हाडात असतो. रक्त तिथं तयार होतं. त्यात स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून तांबड्या, पांढऱ्या, सगळ्या पेशी जन्मभर बनत राहतात. वयानं त्या मूळ पेशी बिघडल्या की कच्च्या, वेड्यावाकड्या पेशी बनतात आणि रक्तात यायच्या आधीच मरतात. या आजाराला मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. नाव म्हणता येईना म्हणून ताई त्याला "ते माझं लांबलचक" म्हणायच्या.

ताई गेल्या तेव्हा साठीच्याही आत होत्या. मी तर पन्नाशीचीही नाही. डॉक्टर म्हणाले, "इतक्या कमी वयात सहसा दिसत नाही, पण दिसतं कधीकधी. एकाच घरात दोन, हा योगायोग."

माझ्या आजाराची सुरुवात चपलेपासून झाली. केंद्रावरून घरी आले तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठं गळून पडली ते मला कळलंच नव्हतं. मागून एक जण चप्पल घेऊन आला आणि हसला. मी हसले नाही. ताईही एकदा अशाच एका चपलेवर केंद्रात आल्या होत्या आणि तेव्हा मी पोट धरून हसले होते.

मग पायाला मुंग्या. मग फरशीवरून चालताना गोणपाटावरून चालल्यासारखं वाटायला लागलं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढले की धाप. तोंडात फोड. शेवटी श्रीरामपुरात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. तिथल्या डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनं दिली. त्यानं काही झालं नाही, म्हणून नगरला पाठवलं.

नगरला त्यांनी बोन मॅरो काढला. कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालतात. जागा बधिर करतात, पण आतून ओढतात ना, ते कशानंच बधिर होत नाही. मी ओरडणार नाही असं ठरवलं होतं. कारण ताई ओरडल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सुनंदा, माझ्या हाडातनं नळी काढली गं." मला सुई बसली तेव्हा तेच वाक्य कानात आलं, त्यांच्याच आवाजात.

त्या दिवसांत हे सारखं व्हायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर तेलकट हाताचा एक डाग आहे. शेवटच्या महिन्यांत ताई तिथं हात टेकून उभ्या राहायच्या. रंग द्यायचा राहून गेला. एक दिवस मला गरगरलं, मी हात टेकला आणि बघते तर माझा हात बरोबर त्या डागावर. उंची तीच, जागा तीच. मी हात काढून घेतला, पण हात काढला की तोल जात होता. मग परत तिथंच टेकला.

रक्त चढवायला नगरला वॉर्डात गेले तेव्हा सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही त्या मावशींबरोबर यायचा ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पलंग खिडकीजवळचा दिला. तो ताईंचा नव्हता, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

शेजारच्या एक काकू बघायला आल्या. बसल्या, चहा घेतला आणि जाताना अगदी मायेनं म्हणाल्या, "थोरली बोलावतीया गं तुला. तिचा जीव तुझ्यात लई हुता." मी त्यांना फाडकन बोलले, "बोलावू द्या. आधी तिला म्हनावं, माझी तिखटाची बरनी कुठं ठेवली ते सांग." काकू गेल्या. मग मी दार लावून रडले. कारण मला ते खरं वाटायला लागलं होतं. ताईंना एकटीला कुठं जायची सवय नव्हती. बँकेत जायचं असलं तरी त्या मला हाक मारायच्या.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझे थोरले दीर, ताईंचे मालक. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा मरता मरता वाचले. हॉस्पिटलातून सोडताना त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दादांनी त्या पंधरा दिवसांनी सोडल्या नाहीत. आपण त्या गोळ्यांवरच वाचलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. मेडिकलमधून त्यांनी खोकंच आणलं आणि सगळ्या घराला सुरू केलं. दुपारची जेवणं झाली की दादा देवळातल्या पुजाऱ्यासारखे पंगतीत फिरायचे आणि हातावर गोळी ठेवायचे. पुरुषांना एक, बायकांना दोन. "बायांच्या अंगात रगत कमी अस्तं," असं त्यांचं म्हणणं. आमचे हे निम्म्या वेळा गोळी खिशात टाकून विसरायचे. ताई आणि मी मात्र इमानानं घ्यायचो. कुणी एवढ्या काळजीनं हातावर काही ठेवतंय, याचंच आम्हा बायकांना अप्रूप.

ताई आजारी पडल्या तेव्हा दादांनी त्यांच्या गोळ्या तीन केल्या. मी आजारी पडले तेव्हा माझ्याही तीन झाल्या. पलंगापाशी स्टुलावर बसायचे, पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि म्हणायचे, "घे. लई अशक्तपना हाय तुला." केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांनाही ते द्यायचे. कुणी थकलेला दिसला की खिशातून पाकीट काढलंच. गावात त्याला दादांची शक्तीची गोळी म्हणायचे.

नगरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी कोणतं औषध चालू आहे का? ताईंनाही विचारलं होतं. दोघींनी एकच उत्तर दिलं, काही नाही. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आमच्याकडं औषध म्हणजे आजारावरचं. बीपीची गोळी औषध, शुगरची गोळी औषध. शक्तीची गोळी हा खुराक. दुधात बदाम घातले तर कुणी डॉक्टरला सांगतं का?

वय कमी म्हणून मला पुढं पुण्याला पाठवलं. ट्रान्सप्लांट करायचं, म्हणजे माझा मगज औषधानं संपवायचा आणि भावाच्या मूळ पेशी घालायच्या. माझा धाकटा भाऊ ऐकताक्षणी तयार झाला आणि मग चारचौघांत उगाच मोठ्यानं हसत राहिला. घाबरला होता बिचारा.

पुण्याच्या डॉक्टरबाई रक्ताच्या तज्ज्ञ. बोलायला सावकाश. त्यांनी माझी फाइल वाचली आणि रक्ताचं सोडून पायांचंच विचारायला लागल्या. एक लोखंडी चिमटा वाजवून माझ्या घोट्यावर टेकवला. ट्यूनिंग फोर्क म्हणतात त्याला, त्याची थरथर कळते का ते बघतात. "कळतेय?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "कानानं नाही, पायानं." मग मला काहीच कळत नव्हतं. मला उभं केलं, पाय जुळवून, आणि म्हणाल्या, "डोळे मिटा."

डोळे मिटले आणि मी सरळ यांच्या अंगावर पडले.

मला तेव्हा ताई दिसल्या. ताई न्हाणीत पडायच्या. तोंडाला साबण लावला की पडायच्या. डोळे मिटले की जमीनच नाहीशी व्हायची त्यांची. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा. आणि आणखी एक गोळी द्यायचो.

"हे पाय या आजारात बसत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्ताचा आणि पायांचा असा एकत्र घोळ बी-ट्वेल्व्ह कमी असलं तर होतो. तुमचं ते चांगलं आहे. औषध काय घेता?"

"काही नाही."

मग त्यांनी वेगळंच विचारलं. "बरं, औषध नाही. पण चुलीवर शिजलेलं नाही आणि झाडावरून तोडलेलं नाही, असं रोज पोटात काय जातं?"

मला हसू आलं. म्हटलं, "दादांची शक्तीची गोळी तेवढी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणती?"

यांनी घरी फोन लावला. दादांनी चष्मा शोधला, पाकीट शोधलं आणि एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचलं. झेड, आय, एन, सी. मोठ्या उत्साहात म्हणाले, "डॉक्टरीनला पसंत हाय का? खोकं संपत आलंय, आनखी आनू का?"

"कधीपासून घेता?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"करोनापासून."

"रोज?"

"रोज दोन. आता तीन."

झिंक म्हणजे जस्त. जस्त शरीराला लागतं, पण चिमूटभर. वर्षानुवर्षं ते जास्त गेलं तर आतड्यांत तांबं अडकतं. आतड्याच्या पेशी तांबं धरून ठेवतात, रक्तात सोडत नाहीत, आणि मग त्या पेशी झडून जातात तेव्हा तांबंही त्यांच्याबरोबर बाहेर जातं. खाल्लेल्या अन्नातलं तांबं अंगाला लागतच नाही. शरीरात तांबं लागतं हेच मला माहीत नव्हतं. आणि माझ्याच केंद्रात गाईंच्या मिनरल मिक्श्चरची पोती थप्पी लावून ठेवलेली. त्यांच्यावर जस्त आणि तांबं शेजारी शेजारी छापलेलं असतं. गाईंना दोन्ही मिळत होतं.

रक्तातलं तांबं तपासायला नमुना बाहेर पाठवावा लागला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही पुण्यात यांच्या मामेबहिणीकडं राहिलो. वाट बघणं सगळ्यात वाईट. यांना आशा लागली होती, मला ती लावून घ्यायची नव्हती. मी दिवसभर त्या परक्या गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्याशी दरावरून भांडायचे.

रिपोर्ट आला. तांबं जवळजवळ नव्हतंच.

डॉक्टरबाईंनी मला पडद्यावर माझ्याच पेशी दाखवल्या. काहींच्या पोटात बारीक रिकाम्या जागा होत्या. काहींच्या मध्याभोवती लोखंडाचे कण कडं करून बसले होते. रिंग सिडरोब्लास्ट म्हणतात त्यांना. एवढं लोह इंजेक्शनानं घातलं, ते पेशीच्या दारात येऊन पडलं होतं. तांबं नाही म्हणून ते वापरता येत नव्हतं.

मी विचारलं, "मग म्हातारा झालाय म्हणाले ते?"

त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. मूळ पेशी बहुतेक वेळ झोपून असतात. तेव्हा त्या अगदी मंद आचेवर जगतात, त्यामुळं त्यांची झीज कमी होते. रक्त लागलं की काही जाग्या होतात, आच वाढवतात आणि कामाला लागतात. ही आच नीट पेटणं आणि वेळेवर मंद होणं म्हणजे मेटाबॉलिझम, आपल्या भाषेत चयापचय. पेशी नुसत्या वर्षांनी म्हाताऱ्या होत नाहीत. हे जळण बिघडलं की त्या वयाआधी थकतात. तांबं नसलं तर पेशीतली भट्टीच नीट पेटत नाही. "खरंच म्हातारी झालेली पेशी आणि उपाशी पेशी," त्या म्हणाल्या, "मायक्रोस्कोपखाली कधीकधी सारख्याच दिसतात. नगरच्या डॉक्टरांची फार मोठी चूक आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या पेशी म्हाताऱ्या नाहीत, उपाशी आहेत. ट्रान्सप्लांट नको. गोळ्या बंद, तांबं सुरू."

आमचे हे बाजूला बसून ढसाढसा रडायला लागले. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "माझ्या जाऊबाईंना हेच होतं. हेच पाय. हेच सगळं."

"त्या कुठं आहेत?"

"नाहीत."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांच्या मॅरोच्या स्लाइड्स, काचेच्या पट्ट्या, लॅबनं ठेवल्या असतील. घरच्यांची इच्छा असेल तर मी बघेन. पण आधी विचार करा. कळल्यावर ते परत नकळतं करता येणार नाही."

परतीच्या वाटेवर, राहुरीच्या अलीकडं गाडी चहाला थांबली तेव्हा हे म्हणाले, "दादांना सांगू नको. मानूस खचून जाईल. तुला त्या गोळ्या सोसल्या न्हाईत म्हन, एवढंच." मी हो म्हटलं. खरं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी दादा गोळी घेऊन आले. मी म्हटलं, "दादा, मला नगं. सोसत न्हाईत मला." त्यांचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यांनी ती गोळी स्वतःच खाल्ली.

तांब्याचं औषध सुरू झालं. आधी काही दिवस सलाइनमधून, मग तोंडानं. दोन महिन्यांत रक्त न चढवता हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. तोंडातले फोड गेले. मी केंद्रावर बसायला लागले, लोकांशी फॅटवरून वाद घालायला लागले. गाव म्हणालं, मरणाच्या दारातून आली. काकू पेढे घेऊन आल्या आणि थोरलीनंच सोडली तुला, असं म्हणाल्या. यावेळी मी पेढा घेतला आणि त्यांना चहा ठेवला.

पण घरात मला चैन पडत नव्हतं. मी बरी होत होते, आणि जितकी बरी होत होते तितक्या ताई माझ्यापुढं स्पष्ट उभ्या राहत होत्या. माझी प्रत्येक चांगली खूण त्यांच्याही वाट्याला आली असती. एवढं सोपं औषध होतं. मी वाचले याचा आनंद मला पुरता करताच येईना. जेवताना त्यांच्या जागेकडं बघायचं मी टाळायला लागले. आधी त्या बोलावतात म्हणून भ्यायचे. आता त्या काहीच म्हणत नाहीत, नुसत्या बघतात, म्हणून भ्यायचे.

एक दिवस केंद्रावर दादा माझ्या शेजारी उभे होते. एक बाई किटली ठेवून दमून बसली. दादांनी खिशातून पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आमच्या धाकलीला बघ. उटून बसली का न्हाई? आदी खाल्लेल्या गोळ्यांचीच ताकद हाय ती."

बाईनं पाकीट पदराला बांधलं. मी बघत राहिले.

त्याच दुपारी दादा ओट्यावरून उतरत होते. त्यांनी पाय खाली सोडला आणि पायानं चप्पल चाचपडायला लागले. चप्पल पायाखालीच होती. त्यांना ती लागेना. शेवटी वाकून, डोळ्यांनी बघून त्यांनी ती हातानं पायात घातली.

मी हातातलं काम टाकलं आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"दादा, त्या गोळ्या घेऊ नगा. कुनाला देऊ बी नगा."

"का गं? तुला सोसल्या न्हाईत. मला सोसत्यात."

"सोसायचा सवालच न्हाई. मला जे झालं ते त्या गोळ्यांनीच झालं हुतं. मी खोटं बोलले तुमाला."

मग जमेल तसं सगळं सांगितलं. जस्त, तांबं, पाय. दादा गोठ्याकडं बघत ऐकत होते. मला वाटलं, ते माझ्याबद्दल काही विचारतील. त्यांनी विचारलं, "तिला बी?"

"म्हाईत न्हाई, दादा."

"डॉक्टरीन काय म्हनली?"

"काचा बघून सांगीन म्हनल्या. तुमची मर्जी असंल तर."

दादा उठून गेले. पुढचे दोन-तीन दिवस दुपारच्या जेवणानंतर ते पंगतीत फिरले नाहीत. आमचे हे माझ्यावर फार चिडले. म्हणाले, मेलेल्या माणसाला त्यानं काय फरक पडणार होता? मी म्हटलं, जित्या माणसाला पडणार होता.

मग एका सकाळी दादा धुतलेला सदरा आणि टोपी घालून दारात उभे राहिले. "चल नगरला. काचा आनू."

लॅबमध्ये त्यांनी सही केली. एका लहान पुठ्ठ्याच्या डबीत तीन-चार काचा होत्या. पुण्यापर्यंत ती डबी त्यांनी दोन्ही हातांत धरली. सीटवर ठेवा म्हटलं तर मान हलवली.

डॉक्टरबाईंनी काचा बघायला बराच वेळ घेतला. दादा खुर्चीत बसले नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तांबं तेव्हा मोजलेलं नव्हतं, त्यामुळं शंभर टक्के मी कधीच सांगू शकणार नाही. पण पेशींत त्याच रिकाम्या जागा आहेत. बहुतेक तेच होतं."

"येळंवर कळलं असतं तर?"

"याचं उत्तर माझ्याकडं नाही."

त्या माणसाला खोटा दिलासा दिला नाही म्हणून मी डॉक्टरबाईंची जन्माची ऋणी आहे. त्यांनी मला वाचवलं, त्यापेक्षाही याच्यासाठी. त्यांनी दादांचंही रक्त घेतलं. त्यांचं तांबं कमी झालं होतं, पण वेळ गेलेली नव्हती.

ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांना एवढंच सांगते. झिंकची गोळी काही विष नाही. डॉक्टर पंधरा दिवस लिहून देतात ते बरोबरच असतं. पण डॉक्टरांनी औषध विचारलं की पोटात जाणारं सगळं सांगा. भस्म, चूर्ण, पावडर, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं. आपल्याला जे औषध वाटत नाही ते आधी सांगा. आणि रक्त कमी होऊन पायही बधिर झाले असतील तर ते वयावर ढकलू देऊ नका.

माझं रक्त आता चांगलं आहे. पाय मात्र पुरते परत आले नाहीत. नसांचं गेलेलं सगळं परत येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी बघून बघून पाऊल टाकते. डोळे मिटून तोंड धुवायचं असलं की एका हातानं नळ धरते, आणि तेवढा वेळ न्हाणीत माझ्याबरोबर ताई असतात. याची मी सवय करून घेतली आहे.

काचा दाखवून पुण्याहून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर रांग लागली होती. दादा आले आणि रांगेत न जाता मशीनच्या पुढं उभे राहिले. आधी कुणाचं लक्ष नव्हतं.

"मी ज्यांना ज्यांना शक्तीच्या गोळ्या दिल्यात," दादा मोठ्यानं म्हणाले, "त्यांनी आजच्या आज परत आनून द्या. घेत असाल तर बंद करा, आन् रगत तपासून घ्या. ज्याला परवडत न्हाई त्याचं मी बघतो."

रांगेतला एक जण म्हणाला, "का वं दादा? गोळी नकली निघाली का काय?"

"गोळी चांगली हाय. आमची ही तिच्यापायी गेली."

"वैनी? वैनी तर हाडाच्या दुखन्यानं गेल्या ना?"

मी मशीनमागून उठले. मला मध्ये काहीतरी बोलायचं होतं, डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत, कुणाला माहीत होतं, असं काहीतरी. दादांनी माझ्याकडं पाहिलं आणि हातानंच मला बस म्हटलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला मी देत हुतो. माझ्या हातानं."

मग ती पदराला पाकीट बांधलेली बाई पुढं आली, गाठ सोडली आणि पाकीट दादांच्या हातावर ठेवलं.